माजघरातलं शेवटचं सारवण

माझी बायको गौरी-गणपतीनंतर गेली. गणपतीच्या आधी तिने सगळं घर सारवलं होतं. मग तापाने पडली, दवाखान्यात नेली, तिथल्यांनी घरी घेऊन जा म्हटलं. घरी आणली, माजघरात खाली घेतली आणि तिथंच ती गेली. स्वतःच सारवलेल्या जमिनीवर.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शेती, आणि शेतीला जोड म्हणून अंबरनाथला कंपनीत हेल्पर. मला सजवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगतो.

आमचं घर बदलापूर गावाच्या कडेला, नदीच्या अंगाला. घर म्हणजे अर्धं घर. आजोबांनी बांधलं तेव्हा ते लांबलचक होतं. नंतर माझ्या थोरल्या भावाचं आणि माझं असं वाटून झालं. भाऊ वारल्यावर त्याच्या पोरांनी त्याचं अर्धं बिल्डरला दिलं. तिथं आता सात मजल्यांची बिल्डिंग आहे आणि दुसऱ्या मजल्यावर माझी वहिनी राहते. तिच्या गॅलरीतून माझी कौलं दिसतात. सकाळी दात घासता घासता ती वरून ओरडते, "भावजी, मांजर चढून वरची तीन कौलं सरकलीत. पावसात गळंल बगा." मी खालून हात वर करतो. उत्तर द्यायचा कंटाळा येतो.

माझ्या अर्ध्यात ओटी, माजघर, चुलीची खोली आणि मागं पडवी. खांब ऐनाच्या लाकडाचे. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून त्यावर माती-शेण लिंपलेलं. माजघराच्या कोपऱ्यात उखळ पुरलेलं आहे. आता त्यात कोणी कांडत नाही. मांजर झोपतं.

भात कापताना विळा लागून माझ्या बायकोच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आखडलं होतं. ते सरळ व्हायचं नाही, जमिनीला टेकायचं नाही. सारवताना बायकांच्या चार बोटांच्या चार रेघा उठतात, अर्ध्या चंद्रासारख्या, एकीला एक लागून. हिच्या तीनच उठायच्या. दोन रेघा, मग मोकळी जागा, मग करंगळीची रेघ. मी कंपनीतून थकून यायचो, पाणी पिता पिता खाली बघायचो, कधी लक्षातसुद्धा आलं नाही. ती गेल्यावर रात्रंदिवस दुसरं काही दिसेना.

तेराव्याला सुतक काढायला वहिनी आली. शेणाची बादली घेऊन, दोन बायका सोबत. घरात माणूस गेलं की घर सारवून घ्यावं लागतं, तेव्हा ते शुद्ध होतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी माजघराच्या दारात बसलो.

"भावजी, बाजूला व्हा."

"ओटी सारवा, पडवी सारवा, चूल पण घ्या. माजघराला हात लावायचा नाही."

"अवं, पण ती गेली ती माजघरातच. मग सुतक कुटं बसलंय? पडवीत?"

"बसू दे जिथं बसलंय तिथं."

वहिनीने बादली खाली ठेवली. तिला वाटलं मला भ्रम झाला. मग मी बोटाने दाखवलं. तिने वाकून बघितलं. त्या तीन रेघा तिलाही ओळखीच्या. दोघी जावांनी एकत्र किती वर्षं सारवलं असेल. तिने पदराने नाक पुसलं आणि बायकांना म्हणाली, "चला, आपन ओटी घेऊ."

पण त्या दोघी बायका गप्प बसणाऱ्या नव्हत्या. म्हातारा घरात सुतक ठेवून बसलाय, हे गावभर झालं. दिवाळीला मला कोणी फराळाला बोलावलं नाही. मी जाणारही नव्हतो.

माझा मुलगा हेंद्रेपाड्याला फ्लॅटमध्ये राहतो. मुंबईला नोकरी, सकाळी अंधारात निघतो तो रात्री येतो. रविवारी येऊन बसायचा आणि एकच विषय काढायचा.

"बाबा, तुम्ही आमच्याकडे चला. इथे एकटे काय करता?"

"बसतो."

"बिल्डर परत फोन करत होता. तो म्हणतो, काकूंना दिला तसा तुम्हाला पण फ्लॅट देऊ, त्याच बिल्डिंगच्या शेजारी."

"मी आहे तोवर नाही. नंतर तू बघ."

तो चिडत नव्हता. तोही थकलेलाच असतो. खाली मान घालून मोबाइल बघायचा आणि मग जायचा. एकदा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला एक माणूस आला. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. त्याने खांबांवर बोटाने टकटक केलं, दाराच्या कड्या बघितल्या. "साईं, दरवाज़ा दे दो. आजकल होटलवाले बहुत लेते हैं. नया दरवाज़ा लगा के दूँगा, लोहे का." मी म्हटलं, दार नेलं तर घरात मी काय पडदा लावून बसू? तो हसला. चहा पिऊन गेला.

मग थंडीत त्या बाई आल्या. इमारती बांधायचं शिकवणाऱ्या कॉलेजातल्या, पन्नाशीच्या, सुती साडी आणि पायात बूट. सोबत पाच-सहा पोरंपोरी, हातात टेप. शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्यांची बहीण राहते, तिच्या गॅलरीतून त्यांनी माझं छप्पर बघितलं होतं. बाईंनी ओटीवर चढायच्या आधी बूट काढले आणि पोरांनाही काढायला लावले. म्हणून मी आत घेतलं.

दोन दिवस ते लोक घर मोजत होते. खांब किती जाड, वासा किती लांब, आढं कुठं टेकतं. एक पोरगी माळ्यावर चढली आणि कोळ्याची जाळी केसात घेऊन उतरली. बाई मला म्हणाल्या, "काका, तुम्हाला कल्पना नाही. या घराला हेरिटेज व्हॅल्यू आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हे जुनं आहे, आणि अशी घरं आता राहिली नाहीत. हे टिकवायला हवं."

"यात जुनं काय आहे ते सांगू का? खांब जुने. बाकी काही नाही. कौलं फुटली की बदलतो. कूड सडला की नवी कारवी आणतो. एकदा नदीचं पाणी पडवीत आलं तेव्हा मागची भिंत बसली, ती मी आणि माझ्या बायकोने नव्याने उभी केली. तुम्ही जुनं जुनं म्हणता ते सगळं आम्हीच परत परत केलेलं आहे."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेच तर." आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तेच तर म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मग त्या माजघराच्या उंबऱ्यावर बसल्या. पाय बाहेर; आत मधोमध मी कुणाला पाय ठेवू दिला नव्हता. "काका, हा उंबरा बाहेरून एवढा उंच आणि आतून चार बोटंच. सारवण चढलंय ना?"

"चढलंय. आजी, आई, मग ही."

"आणि ही जमीन अशी का सोडलीय? बाकी घर तर सारवलंय."

मी सांगितलं. बोटाचं सांगितलं, सुतकाचं सांगितलं. आधी कुणाला असं नीट सांगितलं नव्हतं. बाईंनी जमिनीवरच्या रेघा बघितल्या, पण हात लावला नाही. दाराजवळ पापुद्रे उठायला लागले होते. सारवण आठ-पंधरा दिवसांनी परत घेतलं नाही तर सुटतं; बाकीचं घर वहिनी येऊन घ्यायची. मी पाय न ठेवता कडेकडेने भिंतीला धरून जायचो, तरी सुटत होतं. झाडू फिरवत नव्हतो, तरी धूळ होत होती.

बाई म्हणाल्या, "एक औषध मिळतं. मातीच्या भिंतींवर मारतात. पारदर्शक असतं. एकदा मारलं की आहे तसं राहील. परत सारवायला नको."

"रेघा राहतील?"

"राहायला हव्यात."

मी लगेच हो म्हटलं. दुसरं काही मला नकोच होतं. घराला काय व्हॅल्यू आहे ती त्यांनी बघावी. मला तेवढ्या तीन रेघा राहिल्या तर पुरे होत्या.

त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

बाईंनी आधी थोड्या जागेवर लावून बघू म्हटलं. पुढच्या आठवड्यात एका माणसाला घेऊन आल्या. उखळाजवळच्या कोपऱ्यात परातीएवढी जागा त्याने ब्रशने रंगवली. वास असा की मांजर दोन दिवस घरात आलं नाही. वाळल्यावर मी बघायला गेलो. रेघा होत्या, तिन्ही होत्या, मधली मोकळी जागाही होती. पण जमीन काळपट झाली आणि चकाकायला लागली, फरसाणाच्या पुडीसारखी. मी बसलो आणि वरून हात फिरवला. डोळ्यांना रेघा दिसत होत्या, हाताला लागत नव्हत्या. गुळगुळीत. बाजूच्या कोऱ्या जमिनीवर हात फिरवला तर तिथं खरखर लागली, बोटं बरोबर तिच्या बोटांत बसली, आणि बोटांना धूळ लागून आली. म्हणजे मी हात फिरवला की तिचा हात पुसला जात होता.

बाई म्हणाल्या, "काका, मी खोटं बोलत नाही. मलाही हे बघून बरं वाटलं नाही. पण मला दुसरं काही माहीत नाही. तुम्ही विचार करून सांगा. तुम्ही म्हणाल तर पूर्ण करून देऊ."

मी म्हटलं, सांगतो.

त्यानंतर उन्हाळा लागला. सांगतो म्हटलं पण सांगितलं नाही. बाईंचा सुनेकडे फोन यायचा, सून मला विचारायची, मी बघू म्हणायचो. मला कशाचाच निर्णय घ्यायचा नव्हता. सकाळी उठायचं, चूल पेटवायची, चहा, मग ओटीवर बसायचं. बिल्डिंगची सावली माझ्या अंगणात दुपारी येते, ती बघायची.

एके दिवशी माजघराच्या भिंतीला वाळवीची रेघ दिसली. ओली, मातीची, जमिनीतून निघून कुडात गेलेली. सारवण असलं की वाळवी येत नाही. ती वास घेते की काय कोण जाणे. मी अंगणात येऊन वर ओरडलो, "वहिनी, वाळवी लागली."

वहिनी गॅलरीत आली. "लागणारच. सुतक ठिवून बसल्यावर आनिक काय लागणार, हळद?"

"मस्करी नको."

"मस्करी न्हाय करत. भावजी, ती असती ना, तर तुमाला झाडूने मारलं असतं. आपल्या घराची अशी दशा बगून. म्हनली असती, माझ्या नावानं घर खाताय?"

मी आत आलो. रागाने नाही, मला राग येत नाही आता. उंबऱ्यापाशी एक मोठा पापुद्रा उठून सुटा झाला होता, भाकरीएवढा. त्याच्यावर तिच्या रेघा होत्या. उचलायला गेलो तर हातात चुरा झाला. मी तिथंच बसलो. वाटलं, गेलं. एवढं राखलं आणि गेलं.

मग खाली बघितलं. पापुद्रा निघाला त्याच्या खाली दुसरं सारवण होतं. त्याच्यावरही रेघा. पुसट, पण तीनच. दोन रेघा, मोकळी जागा, मग एक. गणपतीच्या सारवणाच्या आधीचं, किंवा त्याच्याही आधीचं, तिनेच घेतलेलं. तिने स्वतःच्या हातावर स्वतःचा हात फिरवला होता, दर वेळी, आणि काही वाटून घेतलं नव्हतं. त्याच्या खाली आणखी असणार. फार खाली गेलं तर चार रेघा लागतील, त्या आईच्या. मी खरवडून बघितलं नाही. बघायची गरज वाटली नाही. बाईंचं ते "तेच तर" मला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी शेण आणायला निघालो. आमच्या गोठ्यात आता जुनी सायकल आहे. जवळ तबेला आहे पण तो म्हशींचा. वहिनीने वरून बजावलं, "म्हशीचं आनू नका. पेंड खाऊन पातळ हगतात, धरत न्हाय. पेंढा खानाऱ्या गाईचं आना." मग डोंगराकडच्या पाड्यात गेलो. तिथल्या एका बाईने बादली भरून दिली आणि म्हणाली, "बाबा, लावायला कोन हाय घरात?" मी म्हटलं, मीच. तिने तोंडावर पदर घेतला. हसली असणार.

येताना रिक्षा केली. रिक्षावाला अर्ध्या वाटेत म्हणाला, "चाचा, बाल्टी में क्या है?"

"शेण."

"मतलब?"

"गोबर."

त्याने ब्रेकच मारला. "अरे क्या यार चाचा! पीछे मेरे को सवारी बिठाने का है."

"झाकलंय ना. तुझ्या सीटपेक्षा स्वच्छ आहे. चल."

"खेत में डालने का है?"

"घर में."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि रिक्षा पुढे काढली. उतरताना बादली मात्र त्यानेच उचलून दिली.

शेणात पाणी किती घालायचं, तुसाची राख किती, हे मी आयुष्यभर बघितलं होतं, पण हाताने कधी केलं नव्हतं. पुरुष करत नाहीत. अंदाजाने कालवलं. लुंगी वर खोचली, गुडघे टेकले आणि उंबऱ्यापाशी बसलो. जिथं पापुद्रा निघाला होता तिथूनच सुरू केलं, कारण ती उघडी जागा बघवत नव्हती. पहिला हात ठेवला तेव्हा थांबलो थोडा. मग फिरवला. तिच्या तीन रेघांवर माझ्या चार आल्या. जाड, वाकड्या, मध्येच तुटलेल्या.

मग थांबलो नाही. थांबलो असतो तर उठलो असतो. सरकत सरकत, डावा हात टेकून, उजव्याने फिरवत. कंबर मोडली. घाम शेणात पडत होता. रडलो की नाही ते सांगता येणार नाही, तोंडावर सगळं एकच होतं. ओल्या शेणाचा वास उठला तसं घर परत घरासारखं वाटायला लागलं.

उखळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो आणि त्या चकाकणाऱ्या तुकड्यावर हात फिरवला. शेण धरेना. घसरून बाजूला जायला लागलं. दोनदा केलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. परातीएवढी जागा तशीच राहिली, खाली तिच्या रेघा. म्हटलं असू दे.

पाठ सरळ केली, मागे वळून बघितलं आणि मग कळलं. दार तिकडं. मी इकडं भिंतीपाशी. मध्ये सगळी ओली जमीन.

नेमकं त्याच वेळी वहिनी आली. गुडघे धरून जिना उतरून, माझं काम बघायला. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आधी जमीन बघितली, मग मला.

"भावजी! अवं, दारापासनं सुरू करतं का कोन? आतून सुरू करायचं आन् दारापाशी संपवायचं. आता निगनार कुटनं? कौलातनं?"

"नंतर सांगतेस होय."

"आन् हे काय केलंय? म्हैस लोळल्यागत." हसता हसता तिला खोकला लागला. ओटीवर बसून खोकली, परत हसली. मग हसायची थांबली, जमीन परत निरखली. म्हणाली, "दोन बोटं जाड झालंय. पन धरंल. झालं बाई एकदाचं. सुटली ती."

मला बसायला त्या चकाकत्या तुकड्याएवढीच कोरडी जागा होती. उकिडवं बसवेना, म्हणून मांडी घातली. वहिनी दारातून म्हणाली, "बसलात कशावर ते कळलं का? तिच्या हातावर बसलाय."

"कळलं. ती काय म्हणणार आहे?"

"जित्तेपनी पन तिनं काय म्हनलं न्हाय," वहिनी म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या आणायला बाहेरून वळसा घालून चुलीकडे गेली. आणला आणि तिथंच प्यायली, कारण माझ्यापर्यंत पोचवायला वाट नव्हती.

दुपारी सून डबा घेऊन आली. दारात येऊन थबकली. "बाबा? तुम्ही तिकडे काय करताय?"

"वाळायची वाट बघतोय."

तिने डबा उंबऱ्यावर ठेवला. चप्पल काढून वहिनीशेजारी बसली. म्हणाली, "त्या मॅडमचा परत फोन होता. ते औषध लावायचं का म्हणून. काय सांगू?"

"नको म्हणून सांग. बाकी काय लिहायचं ते त्यांनी लिहावं. बघायला यायचं तर खुशाल या म्हणावं. बूट काढतात त्या."

"आणि हे दर पंधरा दिवसांनी कोण करणार?"

मी जमिनीकडे बघितलं. दाराजवळचं सारवण वाळून फिकट व्हायला लागलं होतं, माझ्याजवळचं अजून काळंच होतं. भूक लागली होती. डबा समोर दिसत होता.

"मीच," म्हटलं. "पुढच्या वेळी भिंतीकडून सुरू करीन."

मग पाठ कुडाला टेकवली आणि डोळे मिटले. कंबर फार दुखत होती.